हेलिकॉप्टर आणि अनधिकृत व्यक्ती

उंटरबाखिंगन,
४ मार्च १९७४

प्रिय ट्राउडल,

विषय : हेलिकॉप्टर.

हसू नकोस, आधी पूर्ण वाच. भूमापन कार्यालयातून निवृत्त झाल्यावर मी काय करणार, असं तू नाताळात सगळ्यांसमोर विचारलं होतंस आणि मी उत्तर द्यायचं टाळलं होतं. आज देतो. मी रेडिओवर चालणारं हेलिकॉप्टर बांधतो आहे. खेळणं नव्हे. मीटरभराहून लांब, डोक्यावर लाकडी पात्यांचा पंखा, पोटात खरंखुरं इंजिन. ते सुट्या भागांच्या पेटीत येतं आणि घरी जोडायचं असतं. पेटी उघडली तर इतके स्क्रू निघाले, की मी ते आकारानुसार इर्मगार्डच्या केकच्या साच्यांत लावून घेतले. सोबतच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलं आहे की घाई करू नये. हे वाक्य लिहिणारा माणूस मला भेटायला हवा होता.

काम जेवणाच्या खोलीत चालू आहे, कारण एवढं मोठं टेबल घरात एकच. शिस्त राहावी म्हणून दारावर पाटी लावली आहे : ‘कार्यशाळा. अनधिकृत व्यक्तींना प्रवेश नाही.’ अक्षर माझं. छान आलं आहे.

शिवाय क्लब काढतो आहे. संस्था नोंदवायची तर सात सभासद लागतात. सहा झाले : औषधांच्या दुकानाचे मालक, खानावळीचे मालक, माझे पत्त्यांचे दोन सोबती, शेजारचे झिपरले आणि मी. झिपरले एवढ्या उत्साहाने का आले ते आधी कळेना. मग कळलं, की आवाजावर बंदी घालणारा ठराव मांडायचा तर सभासद असावं लागतं. असो, लोकशाही आहे. क्लबची घटना मी लिहून पूर्ण केली. ती हेलिकॉप्टरच्या पुस्तिकेपेक्षा जाड झाली आहे. खजिनदार म्हणून इर्मगार्डचं नाव घातलं आहे.

इर्मगार्ड डॉक्टरांच्या सल्ल्याने हवापालटाला गेली आहे. तिने तुला नमस्कार सांगितला आहे.

तुझा भाऊ,
ओटमार


ब्रेमेन,
८ मार्च १९७४

अरे ओटमार,

तुझं पत्र पोचलं आणि इर्मगार्डचा नमस्कारही पोचला. तसा तो तिने मला सकाळी चहा पिताना केलाच होता. तुझी बायको माझ्या स्वयंपाकघरात बसून बटाटे सोलते आहे.

हवापालट म्हणे! शनिवारी संध्याकाळी दार उघडलं तर ही उभी. एका हातात सूटकेस, काखेत स्पेट्झले पाडायची लाकडी फळी. म्हटलं, “अगं, फळी कशाला वाहून आणलीस? आमच्याकडे कोण खातं तुमचे ते पिठाचे गोळे!” तर म्हणाली, “तिच्यावर तो पाती चिकटवणार होता.” एवढंच. बाकीचं मी दोन दिवस खोदून खोदून काढलं.

तर त्या जेवणाच्या खोलीत तिचं शिवणयंत्र आहे, हे भूमापन खात्याच्या उपअधीक्षकांच्या ध्यानात आलं नव्हतं का? ती टाचण्या आणायला निघाली, आणि तू दारात आडवा उभा राहून पाटीकडे बोट दाखवलंस. बोललासुद्धा नाहीस! “लग्न झाल्यापासून त्या खोलीत मी जेवण वाढते आहे, ट्राउडल,” म्हणाली, “आणि आता मी अनधिकृत.” तुझं पत्र मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. झिपरलेंच्या ठरावाला ती हसली. हवापालटाच्या ओळीशी मी आल्यावर तिने नवा बटाटा घेतला.

आता नीट ऐक. माझ्या खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर मेंकेन असतात. त्यांच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहून घेणारी मुलगी लग्न करून चालली आहे. एक मेपासून त्यांना कोणीतरी हवं आहे. इर्मगार्डला त्यांनी जिन्यात पाहिलं आणि विचारलं. ती विचार करते आहे. तिने एकदा शब्द दिला की ती इथेच राहिली असं समज, तिला माझ्यापेक्षा तू जास्त ओळखतोस. तेव्हा एप्रिल संपेपर्यंत काय ते कर. मी मध्ये पडणार नाही.

स्क्रू केकच्या साच्यांतून काढ, असं तिने सांगितलं आहे.

ट्राउडल


उंटरबाखिंगन,
१४ मार्च १९७४

प्रिय ट्राउडल,

तुझ्या ८ तारखेच्या पत्रातल्या मुद्द्यांना उत्तर देतो.

ब्रेमेनची हवा इथल्या हवेपेक्षा वेगळी आहे, हे तूही नाकारणार नाहीस. सबब हवापालट हे विधान खोटं ठरत नाही. डॉक्टरांविषयी लिहिलं ते अनवधानाने.

आता पाटी. ‘अनधिकृत’ हा शब्द व्यक्तीविषयी नसून अधिकाराविषयी आहे. अधिकार देता येतो, आणि तो मी देऊ केला आहे! क्लबच्या घटनेप्रमाणे खजिनदार हा आपोआप अधिकृत होतो. सोबत सभासदत्वाचा अर्ज जोडला आहे. इर्मगार्डने खाली सही केली की सातवा सभासद मिळेल, संस्था नोंदली जाईल आणि तिला टाचण्यांसाठी केव्हाही आत येता येईल. एका सहीत तिन्ही कामं. याहून जास्त माणसाने काय करावं?

काम उत्तम चाललं आहे. सध्या पाती. ती दोन असतात आणि दोन्ही वजनाला अगदी सारखी असावी लागतात, नाहीतर अख्खं यंत्र थरथरतं आणि स्वतःलाच फोडून घेतं. मी ती इर्मगार्डच्या तराजूवर ठेवली. एक जड निघालं. मग हलक्याच्या टोकाला चिकटपट्टीचे तुकडे लावत बसलो. एक तुकडा लावला की हेच जड, काढला की तेच जड. या एका कामात आठवडा गेला, पण आता दोन्ही पाती अशी बरोबरीत आहेत की बघत राहावं.

जेवणाचं ठीक चाललं आहे. मसूर शिजायला किती वेळ लागतो, हे पाकिटावर लिहिलेलं नसतं याचं आश्चर्य वाटलं.

तुझा,
ओटमार

ता. क. रफू करायची जाड सुई कुठे असते? हेलिकॉप्टरसाठी हवी आहे, माझ्यासाठी नव्हे.


ब्रेमेन,
१९ मार्च १९७४

ओटमार,

अर्ज परत पाठवते आहे. सहीच्या जागी सही नाही, उगीच भिंग घेऊन शोधत बसू नकोस. मागच्या बाजूला इर्मगार्डने काय लिहिलं आहे ते वाच. म्हणजे मीच वाचून दाखवते, नाहीतर तू मागची बाजू पाहणारच नाहीस : ‘सुई शिवणाच्या पेटीत, खालच्या कप्प्यात. पेटी तुझ्या कार्यशाळेत आहे.’

बाबा रे, तू पत्र लिहिलंस की खुलासा सादर केलास? मी ते पुढून मागून दोनदा वाचलं. त्यात घटना आहे, तराजू आहे, मसूर आहेत. ‘परत ये’ कुठे आहे? पात्यांची बरोबरी करायला आठवडा घातलास! लहानपणी तू वाळूत खड्डा खणलास की आधी काठ्या रोवून सुतळी बांधायचास. मग सुतळीच्या आत कोणी यायचं नाही. मीसुद्धा नाही. तो खड्डा शेवटी किती खोल व्हायचा, आठवतं? टाच बुडेल एवढा.

इकडची खबर विचारली नाहीस, तरी देते. इर्मगार्ड मजेत आहे. आम्ही रोज नदीकाठाने चालतो. डॉक्टर मेंकेनकडे ती दोन दिवस नुसती बसून पाहून आली. म्हणाली, “लोक आत येतात तेव्हा घाबरलेले असतात. मी म्हणते, या, बसा. मग बसतात.” हे सांगताना तिचा चेहरा बघायला हवा होतास.

आणि एक कबूल करून टाकते, म्हणजे नंतर बोल लावू नकोस. माझा हाइनरिश वारल्यापासून मी ओट्याशी उभी राहून जेवत होते. एका ताटासाठी टेबल कोण मांडतं? आता दोन ताटं मांडते. तिला परत पाठवायची मला काही घाई नाही. तेव्हा माझ्यावर भिस्त ठेवून बसशील तर फसशील.

ट्राउडल


उंटरबाखिंगन,
२१ एप्रिल १९७४

प्रिय ट्राउडल,

विषय : पहिलं उड्डाण. यशस्वी.

महिनाभर लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं पूर्ण झालेलं काही नव्हतं. आता आहे. काल शनिवार. एक ते तीन गावात शांततेची वेळ, यंत्रं चालवायची नाहीत, त्यामुळे यंत्र मी पावणेतीनलाच अंगणात नेऊन ठेवलं आणि हातात घड्याळ घेऊन उभा राहिलो. कुंपणापलीकडे झिपरले त्यांचं घड्याळ घेऊन उभे. माझे तीन वाजले तेव्हा त्यांचे वाजले नव्हते. त्यावर थोडी चर्चा झाली. शेवटी चर्चच्या घंटेने निकाल दिला.

इंजिन सुरू केलं. इंधनात एरंडेल असतं, त्याचा वास अजून पडद्यांना आहे. यंत्राखाली दोन लांब काठ्या फुलीसारख्या बांधून टोकांना चेंडू लावले आहेत, नवशिक्याच्या हातून ते कलंडू नये म्हणून. मी हळूहळू गती वाढवली. यंत्र थरथरलं, शेपटीभोवती दोन गिरक्या घेतल्या आणि हवेत गेलं. उंची : गवताच्या टोकांपर्यंत. गवत बरेच दिवस कापलेलं नव्हतं, तेव्हा ही उंची कमी समजू नये.

“बघितलंत ना?” मी झिपरलेंना विचारलं.

“काय बघायचं?”

“उडालं!”

“उडालं कुठे? हललं.”

सभासदाचं मत म्हणून मी ते नोंदवून घेतलं.

पुस्तिकेप्रमाणे पहिल्या उड्डाणाला शेजारी एक सहायक असावा. मी झिपरलेंना विचारलं होतं. ते म्हणाले, “मी विरोधी पक्षात आहे, मला नका ओढू.” त्यामुळे एकट्यानेच केलं. काही अडलं नाही.

स्थापनेची सभा ४ मे रोजी खानावळीत ठरली आहे. फक्त सातवी सही बाकी. अर्ज पुन्हा पाठवतो आहे, या वेळी सहीच्या जागी पेन्सिलीने खूण केली आहे.

प्रकृती ठीक. टेबलावर यंत्र असल्यामुळे स्वयंपाकघरात उभ्यानेच जेवतो, वेळ वाचतो.

ओटमार


ब्रेमेन,
२४ एप्रिल १९७४

ओटमार,

‘हललं’ हा शब्द आमच्या घरात आता कायमचा राहायला आला आहे. केक फुगला नाही की इर्मगार्ड म्हणते, “हलला.” खूप हसलो आम्ही. पण हसून झाल्यावर तिने पत्र माझ्या हातातून घेतलं आणि विचारलं, “उभ्याने जेवतो म्हणजे?”

मी म्हटलं, “म्हणजे उभ्याने. तुझ्या नवऱ्याला त्यात वेळ वाचल्याचा आनंद आहे.”

तिने उठून डॉक्टरांनी दिलेला पांढरा कोट आणला. बाह्या आखूड होत्या म्हणून शिवण उसवायला बसली. अर्धी बाही उसवली आणि तशीच बसून राहिली. मग पुन्हा उसवायला लागली. आता कोट तिच्या मापाचा झाला आहे.

सोमवारी सकाळी ती डॉक्टरांना होकार देणार. मला आनंद व्हायला हवा. झालाही आहे. पण काल तिच्या खोलीवरून जाताना दिसलं, तुझा पेन्सिलीच्या खुणेचा अर्ज तिने फाडलेला नाही, उशाशी ठेवला आहे. त्या कागदावर तुझं अक्षर आहे, दुसरं काय असणार!

काही लिहायचं असेल तर लगेच लिही, आणि मला लिहू नकोस. मी आता पुढे कोणाला वाचून दाखवणार नाही. माझा घसा बसला आहे.

ट्राउडल


उंटरबाखिंगन,
२६ एप्रिल १९७४

प्रिय इर्मगार्ड,

वर ‘विषय’ असं लिहिलं होतं. तो कागद टाकून दुसरा घेतला.

हेलिकॉप्टर मोडलं. त्याआधी ते उडालं. शनिवारी उडालं नव्हतं, झिपरले म्हणतात तेच बरोबर. काल दुपारी उडालं. गुडघ्याएवढं वर गेलं आणि तिथे थांबलं, जणू कोणी खालून तळहात धरला आहे. ना गिरकी, ना थरथर. माझ्या हाताखाली होतं ते, इर्मगार्ड. मला इतका आनंद झाला की मी वळून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं.

हेलिकॉप्टर उडवताना दुसरीकडे पाहायचं नसतं. विमान घटकाभर आपलं आपण सरळ जातं. हेलिकॉप्टर जात नाही, त्याला सारखं धरून ठेवावं लागतं. हे मला ठाऊक होतं. तू ब्रेमेनला आहेस हेही ठाऊक होतं. तरी मी पाहिलं, तू बघते आहेस का म्हणून. खिडकीत कोणी नव्हतं. परत वळलो तोवर ते तुझ्या पालकाच्या वाफ्यात होतं.

आवाज ऐकून झिपरले कुंपण ओलांडून आले. तुकडे वेचायला मदत केली. म्हणाले, “ठराव मागे घेऊ का?” मी म्हटलं, आता कशाला. मग त्यांनी मला त्यांच्याकडे नेऊन सूप दिलं. बसून प्यायलो.

पाटी काढली. घरात आपण दोघंच. म्हणजे ती मी तुझ्यासाठीच लावली होती, दुसऱ्या कोणासाठी लावणार? ट्राउडलला मी अधिकाराचं काय काय लिहिलं, ते सोडून दे. मला भीती वाटत होती की हे मला जमणार नाही. कार्यालयात कोणी ना कोणी चूक निस्तरायला असायचं. इथे स्क्रू चुकला तर मीच, आणि बघायला तू. तू बघू नयेस म्हणून दार लावलं. आणि जमलं त्या दिवशी बघायला तूच हवी होतीस.

सही नको. क्लब सहा जणांचा राहिला तरी मला चालेल, नाही झाला तरी चालेल. डॉक्टर मेंकेन चांगले असतील. तिथे लोक तुला बघून बसतात, हे ट्राउडलने लिहिलं होतं, आणि ते वाचून मला वाईट वाटलं, कारण तुझ्याविषयीची एवढी चांगली गोष्ट मला दुसऱ्याकडून कळली.

तू परत ये. मला घरात करमत नाही. तुझ्याशिवाय मला काहीच गोड लागत नाही, मसूर तर नाहीच नाही.

ओटमार


उंटरबाखिंगन,
१९ मे १९७४

प्रिय ट्राउडल,

पोचल्याचं पत्र इतक्या उशिरा लिहिते म्हणून रागावू नकोस. इथे साफसफाईच संपत नव्हती. पडद्यांचा एरंडेलाचा वास दोन धुण्यांनंतरही गेलेला नाही. डॉक्टर मेंकेनना माझा नमस्कार सांग. मी नाही म्हटलं तेव्हा ते म्हणाले, “बाई, तुमच्यासारखं ‘या, बसा’ कोणी म्हणत नाही.” ते मी जपून ठेवलं आहे आणि ओटमारला रोज ऐकवते.

तो स्टेशनवर आला होता, कार्यालयाचा सूट घालून. गाडी वेळेवर होती, तरी तो तासभर आधीपासून उभा असावा, कारण हमाल त्याला नावाने ओळखत होता. घराच्या दारात पोचल्यावर तो बाजूला झाला आणि म्हणाला, “या, बसा.” तुझी शपथ, मला रडू आलं. मग मी स्वयंपाकघर पाहिलं आणि रडू थांबलं.

बदललाय असं मात्र समजू नकोस. परवा दूध संपल्याची चिठ्ठी ठेवली होती, तिच्यावरही ‘विषय’ होता. आता टेबलाच्या खिडकीकडच्या अर्ध्या भागात माझं शिवणयंत्र आणि उरलेल्या अर्ध्यात त्याचा पसारा. माझ्या टाचण्या त्याच्या स्क्रूंत जातात, त्याचे स्क्रू माझ्या शिवणात येतात. दिवसातून दोनदा भांडतो.

क्लबची सभाही झाली. मी सही केली, पण खजिनदार होणार नाही म्हणून सांगितलं. ओटमारने घटना वाचायला घेतली. खानावळीचे मालक स्वतःच्याच बाकावर झोपले. झिपरलेंनी ठराव मांडलाच : आवाज फक्त शनिवारी, तीन ते पाच, आणि घड्याळ झिपरलेंचं. एकमताने मंजूर. आता दर शनिवारी ते पावणेतीनलाच खुर्ची घेऊन कुंपणाशी बसतात आणि उशीर झाला की ओरडतात, “अहो उपअधीक्षक, चालू करताय की नाही?”

तू जूनमध्ये ये. नक्की ये, मागच्या खोलीत तुझी गादी घातली आहे. तोवर बसून जेव. माझं ताट मांडून जेवलीस तरी कोणी हसणार नाही.

आता कालचं सांगते आणि आवरते. पाती नवी केली होती, शेपटी सांधली होती. त्याने विचारलं, “खिडकीत उभी राहशील का?” हात कोरडे करून उभी राहिले. इंजिन तापलं, झिपरले खुर्चीतून उठले, आणि यंत्र वर गेलं. गवत सोडलं, गुडघा सोडला, पार त्याच्या कमरेपर्यंत. आणि तिथे थांबलं. वारा आला, हललं, त्याने सावरलं. मी काच उघडून टाळ्या वाजवल्या, नाव घेऊन हाक मारली. झिपरले माझ्याकडे वळले. ओटमार नाही वळला. इंधन संपेपर्यंत त्याची नजर त्या यंत्रावर होती, आणि ते अलगद गवतावर उतरलं.

इतका वेळ त्याने माझ्याकडे एकदासुद्धा पाहिलं नाही, ट्राउडल. पाहायची गरजच नव्हती. मी तिथे आहे हे त्याला ठाऊक होतं.

तुझी,
इर्मगार्ड